जुन्या सायकलला नवा ब्रेक

माणगावच्या पावसात वाडीवरून शाळेला उतरताना जुन्या काळ्या सायकलचा ब्रेक दाबला, तरी ती पुढेच जाते. ओल्या पोलादी रिमवर रबर घसरते. पण नुसता केबलचा ब्रेक लावून भागत नाही. दांडीच्या ब्रेकचे रबर रिमला आतून लागते, नव्याचे दोन्ही बाजूंनी. आणि जुन्या रिमची बाजू गोलसर असते. म्हणून आधी पुढच्या चाकाला सपाट बाजूची अ‍ॅल्युमिनियमची रिम घाला. तारांची भोके मोजून घ्या. बहुधा ३२ असतात. ६३५ मिलिमीटरऐवजी ६२२ची रिम घेतल्यास टायर-ट्यूब त्याच मापाची लागते आणि रबर साडेसहा मिलिमीटर खाली पोहोचावे लागते. लांब हातांचा ब्रेक मागा. चिमट्याला बोल्टचे भोक आहे का, तेही पाहा. मुलाच्या हाती देण्याआधी ओल्या, सपाट रस्त्यावर स्वतः चालवून पाहा.