छातीतील तरवा

मुळगावच्या शेतात लावणीसाठी तरवा काढताना आपण रोप हातात घेऊन पारखतो. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत रोगाशी लढणाऱ्या टी पेशींचा तरवा वाढतो. लहानपणी ही ग्रंथी मोठी असते, वयात आल्यावर आक्रसत जाते.

प्रत्येक कोवळ्या पेशीच्या अंगावर कुलपासारखा ग्राही असतो. त्याला शरीरातल्याच प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात. एकही लागू पडला नाही तर पेशी मरते. हलका बसला तर तिला जगवणारी जनुके जागी होतात. फार घट्ट बसला तर मारणारी जागी होतात, कारण अशी पेशी पुढे घरच्यांवरच उठेल. घट्ट बसणाऱ्यांपैकी काहींत मात्र फॉक्सपी-३ जनुक जागे होते व त्या इतरांना आवरणाऱ्या राखणदार बनतात. या राखणदारांच्या शोधाबद्दल साकागुची, ब्रन्को व रॅम्सडेल यांना २०२५ चे नोबेल मिळाले.

थायमसमध्ये थोडे इन्सुलिनही तयार होते, तेही पारखीसाठीच! पारख व राखण दोन्ही कमी पडली, की टी पेशी स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतात. हाच मुलांत आढळणारा टाइप १ मधुमेह. ‘गोड खाऊन झाला’ असे आम्ही ऐकतो. तसे नाही, आईच्या हयगयीनेही नाही. मुलाला सारखी तहान, वारंवार लघवी, वजनात घट दिसली तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. सुरू झालेले इन्सुलिन झाडपाल्यासाठी एक दिवसही बंद करू नये.