रोम शहरातील सामान्य माणूस

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या आपल्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात रोममधील पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांचा दाखला दिला आहे. हा पाठ शिकवताना आम्हांला नेहमी वाटते, की ज्यांच्या श्रमांवर रोम उभे होते, ती माणसे प्रत्यक्षात जगत कशी होती, हेही विद्यार्थ्यांना कळले पाहिजे.

साम्राज्यकाळात रोममधील बहुसंख्य लोक 'इन्सुला' नावाच्या बहुमजली, चाळवजा इमारतींत भाड्याने राहत. तळाला दुकाने, वर अंधाऱ्या खोल्या. सर्वांत वरच्या मजल्यावर गरीब राहत. आग लागली की त्यांनाच निसटणे कठीण होई. इमारती वारंवार कोसळत. त्यामुळे सम्राट ऑगस्टसने त्यांची उंची ७० रोमन फुटांपर्यंत मर्यादित केली. पाणी रस्त्यावरील सार्वजनिक हौदातून वाहून न्यावे लागे. अनेकांच्या खोलीत चूलही नसे.

सिसेरोसारख्या विद्वानाने मजुरी आणि कारागिरी हीन ठरविली होती. कष्टकऱ्यांनी त्याला दगडातून उत्तर दिले. रोमच्या पोर्टा मॅजिओरे या वेशीजवळ युरिसॅसिस नावाच्या पाव भाजणाऱ्याची भव्य समाधी आजही उभी आहे. तो दास्यातून मुक्त झालेला असावा, असे अभ्यासक मानतात. त्या समाधीवर धान्य दळणे, कणीक मळणे, पाव भाजणे, तोलणे अशी दृश्ये कोरलेली आहेत. ज्या कामाला उच्चभ्रू हलके म्हणत, तेच त्याने अभिमानाने जगासमोर मांडले.

रोमच्या दक्षिणेस असलेल्या लॅन्युव्हियम नगरातील इ.स. १३६ च्या सुमाराचा एक शिलालेख आम्हांला त्याहूनही बोलका वाटतो. तेथील गरिबांनी व गुलामांनी एक मंडळ स्थापिले होते. प्रवेशवर्गणी १०० सेस्टर्स आणि दरमहा ५ 'अस' ही तांब्याची नाणी. मोबदल्यात सभासदाला सन्मानाने अंत्यसंस्कार लाभत. गुलाम सभासदाचा मृतदेह मालकाने दिला नाही, तर त्याच्या प्रतिमेवर अंत्यविधी करावा, असाही नियम त्यांनी केला होता.

देहावर मालकाचा हक्क असेल. पण माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा त्याच्या स्वाधीन करण्यास ते तयार नव्हते. मूठभर तांब्याच्या नाण्यांतून, संघटित होऊन त्यांनी ती राखली. सम्राटांच्या सनावळ्या विसरल्या तरी चालतील, हा नियम मात्र आमच्या विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहावा.