मुख्याविना चालणारें जाळें

ज्या जाळ्यांत प्रत्येक संगणक देणाराही असतो व घेणाराही, तेथें हवी ती वस्तु कोणापाशीं आहे हें कळावें कसें?

१९९९ सालीं निघालेल्या नॅप्स्टर नामक जाळ्यांत गाण्यांच्या प्रती लोकांच्या घरच्या संगणकांवर असत. परंतु त्यांची यादी मात्र एकाच ठिकाणीं होती. २००१ सालीं स्वामित्वहक्काच्या खटल्यामुळें तें ठिकाण बंद पडलें. गाणीं जेथल्या तेथें राहिलीं, शोधण्याची वाट तेवढी बुजली! २००० सालच्या नुटेला जाळ्यानें यादीच ठेविली नाहीं. प्रत्येकानें आपल्या शेजाऱ्यांस विचारावें, त्यांनीं आपल्या शेजाऱ्यांस. ही गांवभर दवंडी पिटण्याची रीत झाली. गांव वाढला कीं दवंडीच्याच गलबल्यानें रस्ते भरून जातात.

इऑन स्टोइका, हरि बालकृष्णन् आदि पांच संशोधकांनीं २००१ सालीं 'कॉर्ड' नांवाची रीत मांडली, ती मोठी मननीय आहे. घड्याळाच्या तबकडीसारखें एक वर्तुळ कल्पावें. गणिताच्या एका ठराविक कृतीनें प्रत्येक संगणकास व प्रत्येक वस्तूच्या नांवास एकेक अंक मिळतो आणि त्या अंकाप्रमाणें वर्तुळावर जागा. वस्तूच्या जागेपासून कांट्याच्या दिशेनें जो पहिला संगणक लागेल, तो तिचा रक्षक. आतां प्रत्येकास केवळ पुढचा शेजारीच ठाऊक असता, तर हजार दारें ठोठावावीं लागतीं. म्हणून प्रत्येक संगणक अर्ध्या वर्तुळावरील, पाव वर्तुळावरील, अष्टमांशावरील, अशा मोजक्याच संगणकांचे पत्ते जवळ बाळगतो. प्रत्येक उडीसरशीं उरलेलें अंतर निदान निम्म्यानें घटतें. १०२४ ला दोहोंनीं भागीत जावें. दहा वेळां भागतांच एक उरतो. तितक्या संगणकांत बहुधा दहा उड्यांच्या आंत काम होतें. दहा लक्ष असले तरी सुमारें वीस पुरतात.

परंतु अंक कसेही विखुरले जात असल्यामुळें एकाच्या वांट्यास लांब कंस येतो, दुसऱ्याच्या वांट्यास आंखूड, व ओझें विषम होतें. यावर युक्ति अशी कीं, प्रत्येक संगणकानें अनेक कल्पित नांवें घेऊन वर्तुळावर अनेक ठिकाणीं बसावें. लांब व आंखूड कंसांची बेरीज मग सर्वांची जवळ जवळ सारखी होते. सबळ यंत्रानें अधिक जागा घ्याव्या. शिवाय एखादा संगणक अकस्मात् निघून गेला, तर त्याचें ओझें एकाच शेजाऱ्यावर न कोसळतां अनेकांत वांटलें जातें.

एकच वस्तु सर्वांस एकदम हवी झाली, तर मात्र ही युक्ति पुरत नाहीं. तेव्हां तिच्या प्रती विचारणीच्या वाटेवरील संगणकांनींही ठेवाव्या लागतात; म्हणजे मागणारा रक्षकापर्यंत पोंचण्यापूर्वींच तृप्त होऊन परततो.