वेचणीचे दिवस व अंगदुखीची गोळी

वऱ्हाडांत कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे हिवरखेड व त्याच्या आसपासच्या खेड्यांत एक गोष्ट नेमानें दृष्टीस पडते. दिवसभर कंबर वांकवून बोंडें वेचलेली बाई सायंकाळीं किराण्याच्या दुकानीं तेलमीठ घेते, आणि जातां जातां "अंगदुखीची गोळी द्या" असें म्हणते. दुकानदार गोळीचें नांव सांगत नाहीं, व तीही पुसत नाहीं. सकाळीं कोऱ्या चहाबरोबर गोळी पोटांत जाते आणि बाई शेताची वाट धरते. अशी गोळी निरोगी माणसानें दोन दिवस घेतली तर बहुधा कांहीं बिघडत नाहीं. परंतु वेचणी दोन महिने चालते, आणि गोळीही दोन महिने चालते. ह्याविषयीं आम्ही आज लिहीत आहों. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस उपदेशक बंधूंनीं हा पाठ वाचून दाखवावा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाईड, ॲस्पिरिन हीं सर्व एकाच कुळांतलीं औषधें होत. शरीरास इजा झाली किंवा सांधा दुखावला म्हणजे त्या ठिकाणीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें उत्पन्न होतात. त्यांच्या योगें सूज व ठणका येतो. ह्या गोळ्या तीं द्रव्यें तयार होऊं देत नाहींत. हें मर्म जॉन व्हेन नामक इंग्रज शास्त्रज्ञानें १९७१ सालीं उघडकीस आणिलें, व १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकांत त्यास वांटा मिळाला. अडचण अशी कीं, तींच द्रव्यें शरीरांत चांगलीं कामेंही करितात. जठराच्या आंतील अस्तराचें अम्लापासून रक्षण तींच करितात. आणि अंगांतील पाणी आटलें असतां मूत्रपिंडांकडे, म्हणजे आपण ज्यांस किडन्या म्हणतों त्यांकडे, जाणारा रक्तप्रवाह तींच मोकळा ठेवितात. गुडघ्यांतील द्रव्य कोणतें व किडनीतील कोणतें, हें गोळीला कळत नाहीं.

ह्यावरून कित्येक समजुती कशा फोल आहेत तें ध्यानांत येईल. "पोटाला बाधा नको म्हणून सुई टोंचून घेतली," असें पुष्कळजण सांगतात. पण सुईनें दिलेलें औषध रक्तावाटे सर्वत्र पोंचतें, जठरासही पोंचतें. जेवून गोळी घ्यावी हा उपदेश योग्यच आहे, कारण त्यानें जळजळ कमी होते. परंतु जठरांत व्रण पडण्याचें भय त्यानें सर्वस्वीं जात नाहीं. कोणी पित्ताची गोळी जोडीला घेतात. ती जठराला आधार देते, किडनीला मुळींच नाहीं.

किडनीविषयीं आम्हांस अधिक काळजी वाटते. आमच्या दक्षिणेस पूर्णेच्या कांठानें अकोला, अमरावती व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे, आणि तेथें किडनीचे रोगी फार अशी ओरड जुनी आहे. पाणी गोडें करणें एकट्यादुकट्याच्या हातचें नव्हे. गोळी मात्र आपल्या हातची आहे. उन्हाळ्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हांत घाम गाळून, तांब्याभर पाणीही न पितां, जो गोळी घेतो, तो किडनीचा आधार नेमका गरजेच्या वेळीं काढून घेतो.

ह्या औषधाचा एक भयंकर दाखला आपल्याच देशांत घडला आहे. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोंचूं लागले; तीं गुरें मेल्यावर गिधाडांनीं त्यांचें मांस खाल्लें, व किडन्या निकामी होऊन गिधाडें मेलीं. हें कारण २००४ सालीं उजेडांत आलें. १९९२ ते २००७ ह्या काळांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें भारतांतून शंभरांत नव्व्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं. गुरांसाठीं हें औषध २००६ सालीं बंद करण्यांत आलें. तरी माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जात राहिल्या, म्हणून २०१५ सालीं कुपी ३ मिलिलिटरांची ठरविली गेली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाहीं हें खरें. तरी घाव पडतो तो त्याच अवयवावर.

तर मग दुखणें सोसावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. दुखत असलेल्या माणसास "सोस" म्हणणें फार सोपें असतें. साध्या अंगदुखीस प्रथम पॅरासिटामॉल घ्यावी; ती ह्या कुळांतली नव्हे. पांचशे मिलिग्रामच्या आठ गोळ्यांहून अधिक चोवीस तासांत प्रौढ माणसानेंही घेऊं नयेत, नाहींतर यकृतास अपाय होतो. दारू पिणाऱ्यानें व यकृत बिघडलेल्यानें त्याहून कमी, तेंही विचारून. गुडघ्यास डायक्लोफेनॅकचें मलम चोळलें तर रक्तांत थोडेंच उतरतें. गरम पाण्याचा शेक तर घरचाच आहे. गोळी घ्यावीच लागली तर एकच, थोडक्या मात्रेची, जेवल्यावर, पुष्कळ पाण्याबरोबर. आणि तीन-चार दिवसांत उतार न पडल्यास पुढची गोळी डॉक्टरांस विचारून. दोन निरनिराळ्या गोळ्या एकत्र घेऊं नयेत. नांव निराळें म्हणून औषध निराळें असतेंच असें नाहीं: काँबिफ्लॅमच्या गोळीत आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल दोन्ही असतात. कागदाच्या पुडींत सुट्या रंगीत गोळ्या बांधून मिळतात, त्या तर घेऊंच नयेत. अशा पुड्यांत स्टेरॉइडही असूं शकतें. त्यानें चार दिवस तरतरी येते व जठरावरील संकट दुणावतें.

ज्यांस किडनीचा, हृदयाचा वा जठरव्रणाचा विकार आहे, दमा आहे, जे रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेतात, आणि ज्या बाया गरोदर आहेत, त्यांनीं ह्या कुळांतली गोळी आपल्या मनानें घेऊं नये. हृदयरोग्यास डॉक्टरांनीं लहानशी ॲस्पिरिन नेमून दिली असेल तर ती मात्र हा लेख ऐकून सोडूं नये. बारा वर्षांखालील मुलांस निमेसुलाईड देण्यास २०११ सालापासून सरकारची मनाई आहे. पावसाळ्यांतील तापांत, तो डेंग्यू नव्हे असें ठरेपर्यंत, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊं नये. त्यांनीं रक्तस्राव वाढतो.

गोळ्या घेणाऱ्याचा शौच डांबरासारखा काळा झाला, ओकारींत रक्त किंवा चहाच्या गाळासारखें कांहीं पडलें, लघवी कमी झाली, पाय सुजले अथवा छातींत दुखून धाप लागली, तर गोळी तात्काळ बंद करावी व उजाडण्याची वाट न पाहतां १०८ क्रमांकाची गाडी बोलावून रुग्णालय गांठावें. जातांना घेतलेल्या गोळ्यांची पट्टी बरोबर न्यावी. ती रिकामी असली तरी चालेल, तिच्यावरील नांव डॉक्टरांस हवें असतें.