ऱ्हाईनकाठचे उसने शब्द

'आपल्या मराठीत शेजारच्या भाषांचे शब्द फार शिरले', अशी तक्रार आपण घरीदारी ऐकतो. उसन्या शब्दांनी भाषा खरोखरच बुडते काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण युरोपातील प्राचीन जर्मानिक लोकांकडे वळू. आजच्या इंग्रजी, जर्मन, डच या भाषा त्यांच्याच बोलींतून निघाल्या आहेत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ऱ्हाईन नदीच्या अलीकडे रोमन साम्राज्य होते व पलीकडे हे लोक राहत असत. रोमन इतिहासकार टॅसिटस याने सुमारे ९८ साली लिहून ठेवले आहे, की हे लोक घरासाठी दगड वा कौले वापरीत नाहीत, लाकडावरच भागवितात; नदीकाठचे लोक मात्र द्राक्षमद्य विकत घेतात. आता शब्दांची साक्ष काढू. रोमनांच्या लॅटिन भाषेत दगडी भिंतीला 'मूरुस' व कौलाला 'तेगुला' म्हणत. त्यांपासून जर्मनमध्ये 'माउअर' व 'त्सीगेल' हे शब्द आले. 'वीनुम'चे इंग्रजीत 'वाइन' झाले, तर फरसबंद रस्ता म्हणजे 'स्त्राता', त्याचे 'स्ट्रीट' झाले. लहान दुकानदार तो 'काउपो'. त्यावरून जर्मनमध्ये 'काउफेन', म्हणजे विकत घेणे, हे क्रियापद बनले. वस्तू आली, तिच्यामागून तिचे नावही आले.

नाण्यावर जसे साल असते, तसा शब्दाच्या उच्चारात त्याचा काळ उमटलेला असतो. 'सीझर' या नावाचा मूळ रोमन उच्चार 'काएसार' असा होता. पुढे लॅटिनमधील हा 'क' बदलला. परंतु जर्मन 'कायझर' या शब्दात तो अद्याप टिकून आहे. अर्थात हा शब्द त्या बदलापूर्वीच उचलला गेला, हे उघड होय.

इतके शब्द घेऊनही या भाषा लोपल्या नाहीत. आई, बाप, हात, पाणी यांची नावे व एक, दोन, तीन हे अंक त्यांचे स्वतःचेच राहिले. 'काउफेन' हे क्रियापदही जर्मन व्याकरणाप्रमाणेच चालते.

आणखी एक गंमत पाहा. मिऱ्यांचे इंग्रजी नाव 'पेपर' हे लॅटिन 'पिपेर'पासून झाले. रोमनांनी ते ग्रीकांकडून घेतले, आणि त्याचे मूळ आहे भारतातील 'पिप्पली', म्हणजे आपल्या घरच्या औषधांतील पिंपळी! शब्दांचे हे सावकारही एके काळी आपले ऋणको होते तर!

तेव्हा उसन्या शब्दाची लाज बाळगण्याचे कारण नाही. तो आपल्या व्याकरणात नांदू लागला, म्हणजे आपलाच झाला. जपावयाचे आहे ते आपले घर. पाहुण्यांचे भय नको.