दारावर पहारा, आत चहा

भोसरीच्या एका कारखान्यात मी २७ वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो. निवृत्त होऊन वर्ष होतंय न होतंय तोच कोरोना आला. २०२०च्या मे महिन्यात टाळेबंदी सैल होऊ लागली आणि फोन सुरू झाले. आधी ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांचे, मग पेठेतल्या दुकानदारांचे. सगळ्यांचा प्रश्न एकच, "साहेब, शटर उघडतोय. काय काय आणून ठेवू?" यादी मी झटकन सांगायचो. यादीत न बसणारं मात्र मलाच शिकावं लागलं.

१. बंद यंत्र आधी तपासा, मग माणसं बोलवा.

७ मेच्या पहाटे विशाखापट्टणमला, टाळेबंदीनंतर सुरू होण्याच्या बेतात असलेल्या एका कारखान्यातून स्टायरिन गळलं आणि १२ माणसं गेली. टाकीत पडून राहिलेला माल आतल्या आत तापत गेला होता. दोनच दिवसांत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं सूचना काढल्या : पहिला आठवडा चाचणीचा धरा, उत्पादनाचा हट्ट धरू नका. आमच्या गाळ्यांत स्टायरिन नव्हतं, पण उंदरांनी कुरतडलेल्या वायरी होत्या, कॉम्प्रेसरमध्ये साचलेलं पाणी होतं. एका मालकानं मला कौतुकानं सॅनिटायझरचे कॅन दाखवले. मी म्हटलं, मेन स्विच दाखवा. त्याचं झाकण उघडल्यावर दोघेही गप्प झालो.

२. जे दिसतं, त्यावरच पैसा खर्च होतो.

एका बाजारपेठेतल्या मंडळींना तोंडाशी फवारणीचा बोगदा बसवायचा होता. माणूस आत शिरला की अंगावर हायपोक्लोराइटचा फवारा. माणसांवर असं काही फवारू नका, त्याचा उपयोग नाही आणि अपायच आहे, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिलमध्येच सांगितलं होतं. तरी तो बेत मोडायला मला दोन बैठका लागल्या. "लोकांना विश्वास वाटतो हो," हे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तेवढाच विश्वास द्यायला म्हणून आम्ही दाराशी नळ आणि साबण ठेवला. बोगद्यापुढे तो फारच गरीब दिसायचा. आणि हो, सॅनिटायझर पेट घेतो. देव्हाऱ्यातल्या उदबत्तीशेजारी पाच लिटरचा कॅन ठेवलेली दुकानं मी एक नाही, तीन पाहिली.

३. नियम गिऱ्हाइकाच्या जागी बसून वाचा.

टाळेबंदी टप्प्याटप्प्यानं उठवणाऱ्या 'मिशन बिगिन अगेन'मध्ये ५ जूनपासून दुकानं उघडली. आज रस्त्याची ही बाजू, उद्या ती. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूम बंद, घेतलेला माल बदलून किंवा परत द्यायचा नाही. "बसला नाही तर?" या प्रश्नावर रोज भांडणं व्हायची, आणि भांडताना माणूस सगळ्यात आधी मास्क खाली ओढतो. उपाय काउंटरवरच्या पोऱ्यानं काढला. त्यानं पाटी लावली, 'अंगाला बसणारा जुना शर्ट घरून आणा.' शर्ट काचेवर पसरायचा, टेपनं मापायचा, तसाच काढून द्यायचा. वाद थांबले. बाजूंच्या पाळीबद्दल माझं मत आजही वाईटच आहे. दुकानं निम्मी उघडी म्हणून गिऱ्हाईक निम्मं होत नाही, उघड्या बाजूला ते दुप्पट दाटतं.

४. कारागिराला विचारा.

सलून २८ जूनला उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्या कामांसाठी. दाढीला परवानगी नव्हती. मला हा नियम विचित्र वाटला. तसं आमच्या केशकर्तनवाल्या काकांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "केस कापताना मी गिऱ्हाइकाच्या मागं असतो. दाढी करताना त्याच्या तोंडाशी तोंड. आणि मास्क लावून दाढी कशी करणार?" इतकं सोपं स्पष्टीकरण मला कुठल्याच परिपत्रकात सापडलं नव्हतं. वापरून फेकायच्या कापडाचा खर्च त्यांना झेपेना, म्हणून टॉवेल गिऱ्हाइकानं आणायचा ठरलं. बाकावर वाट पाहत पेपर वाचणं बंद, फोन आला की निघायचं. आमच्या आळीतल्या निम्म्या बातम्या त्या बाकावर जन्मायच्या, त्या तेवढ्या थांबल्या.

५. डब्याची वेळ सांभाळा.

एका वर्कशॉपमध्ये सगळं चोख होतं. यंत्रांमध्ये अंतर, तोंडाला मास्क, दाराशी वही. तरी आठवड्यात चौघे आजारी पडले. मी दिवसभर तिथं बसून राहिलो. एक वाजता भोंगा झाला आणि अकरा माणसं दहा बाय दहाच्या खोलीत शिरली. मास्क खिशात, डबे मध्ये, याची भाजी त्याच्या पोळीवर. अर्धा तास हसणं-बोलणं. माझा सगळा पहारा दारावर होता आणि हवा इथं वाटून घेतली जात होती.

तीन पाळ्या केल्या, जेवण बाहेर पत्र्याच्या शेडखाली, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. लोक चिडले. एक फिटर म्हणाला, "असं जेवायचं म्हणजे शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखं वाटतंय." मला वाईट वाटलं, पण पाळ्या मोडल्या नाहीत. मग प्रत्येक खोलीत उदबत्ती लावून धूर कुठं जातो ते बघायची सवय लागली. एका ठिकाणी धूर जागेवरच घुटमळला. एक्झॉस्ट फॅन उलटा बसवलेला, बाहेरची हवा आत ढकलत होता. बसवल्यापासून तसाच असणार.

६. ताप लपतो, कारण रोज बुडतो.

कपाळावर धरायच्या त्या बंदुकीवर माझा फार भरवसा होता. पावसात भिजत दुचाकीवरून आलेल्या माणसाचं कपाळ ती ३३ दाखवायची, तेव्हा तो भरवसा डळमळला. एका हेल्परनं नंतर कबूल केलं की तो तापाची गोळी घेऊन तीन दिवस कामावर आला होता. खाडा झाला की रोज कापला जायचा, घरी भाड्याची खोली आणि दोन पोरं. मी मालकाशी हिशेब मांडला : रोजाचे ५०० धरले तर १४ दिवसांचे ७,०००, गाळा तेवढे दिवस बंद राहिला तर किती? "फुकटची सुट्टी" म्हणत का होईना, त्यानं पगारी रजा मान्य केली. पहिल्याच आठवड्यात दोघांनी घरूनच फोन करून ताप असल्याचं सांगितलं. मालक वैतागला. मी सुटकेचा श्वास सोडला.

७. गिऱ्हाइकांना अंतरावर उभं करायला आखलेली चुन्याची वर्तुळं पुण्याच्या पावसात टिकत नाहीत. ऑइलपेंट वापरा.

८. पाहुण्याला चहा विचारू नका.

सप्टेंबरमध्ये माझाच अहवाल पॉझिटिव्ह आला. महापालिकेतून एका मुलीचा फोन, "काका, गेल्या आठवड्यात कुठं कुठं गेला होतात?" मी वही काढून तारखेनिशी पाच ठिकाणं सांगितली, प्रत्येक ठिकाणी किती अंतर होतं, दारं-खिडक्या कशा उघड्या होत्या, तेही. तिनं विचारलं, "मास्क कुठं काढला होता का?" चार ठिकाणी नाही म्हणालो. पाचव्याशी अडखळलो. तिथं पाहणी संपल्यावर शेठनी आग्रह केला होता, आणि आम्ही दोघांनी त्यांच्या केबिनमध्ये चहा घेतला होता. दार लावून, एसी २२ वर.