आप्पांना तुझं मन कळेनासं झालंय, तर

पोरी, आप्पांना अल्झायमर आहे हे तू धीराने सांगितलंस. रडू फुटलं ते ‘मी तापाने फणफणले, तरी ते चहाच मागत राहिले’ म्हणताना. देशात साठीपुढच्या शंभरांत सातेक जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, म्हणजे असा चहा घरोघरी मागितला जातोय. डोळे पूस नि ऐक.

१. आप्पा निष्ठुर झाले, हे आधी डोक्यातून काढ – दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधायला मेंदूला बरीच जुळवाजुळव लागते, आणि या आजारात तीच हळूहळू जमेनाशी होते. मेंदूचा पुढचा भाग आधी झिजणाऱ्या स्मृतिभ्रंशात तर माणूस विसरायच्या आधीच कोरडा वागू लागतो. घरचे म्हणतात, म्हातारपणी स्वभाव फिरला.

२. बरं नसेल तर तोंडाने सांग, ‘आप्पा, मला ताप आहे, मी पडते’ – कपाळाची पट्टी बघून ताप ओळखणं आता त्यांच्याकडून व्हायचं नाही. न बोललेलं दुखणं, न वाढलेलं ताट.

३. टोमणे बंद. आपली खान्देशी जीभ, वळवळणारच. पण ‘वा, छान सांडलंत!’ म्हणालीस तर ते खूश होऊन आणखी सांडतील – शब्द पोहोचतात, त्यातली खोच पोहोचत नाही.

४. चेहरा नि आवाज मात्र सांभाळ. नवऱ्याशी काय वाजायचं ते अंगणात वाजव नि मग आत ये – आवाजातला राग त्यांना बहुधा अजून कळतो, आणि प्रसंग विसरला तरी त्याची कळ राहते. बोल वाहून जातो, सूर साचतो.

५. बंडीतली चंची तूच चोरलीस म्हणतील. पुरावे देत बसू नकोस, ‘चला, दोघं शोधू’ म्हण, आणि तसलीच दुसरी चंची फडताळात ठेव – आपण कुठे ठेवली हे आठवत नाही, मग कुणीतरी नेली एवढाच हिशेब त्यांच्याजवळ उरतो.

६. ‘ओळखा पाहू मी कोण?’ विचारणाऱ्या पाहुण्याला उंबऱ्यातच पढव: ‘आप्पा, मी चोपड्याची भाची’ असं आपणहून सांगायचं.

७. कानबाईच्या सणाच्या रात्री घर भरलं की त्यांना ओसरीवर एकाच माणसाजवळ बसव – चौघं एकदम बोलले की कोण कशावर हसतंय हे उलगडत नाही, आणि ते हसू आपल्यावरच आहे असं वाटतं.

८. नातवंडांनाही ‘आप्पा, जेवाले चला’ म्हणायला शिकव – लहानपणची बोली बहुधा जास्त टिकते, आणि अहिराणीत हुकूमसुद्धा लाडाचा वाटतो.

९. एक-दोन दिवसांत एकाएकी भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ – आपल्याकडचा मे महिना, अंगातलं पाणी कमी पडलेलं असतं, नाहीतर लघवीचा संसर्ग किंवा नवी गोळी. थायरॉइड नि बी-१२ तपासलंय का, तेही विचार.

१०. जीव फारच आंबला तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सेवेला फोन कर. ज्येष्ठांसाठी १४५६७ आहे, दोन्ही फुकट. आणि दिराला स्पष्ट सांग, ‘रविवार तुमचा’. त्याला आपणहून समजेल म्हणून थांबू नकोस – त्याला तर कसलाच आजार नाही, तरी कळत नाही.